आत्याची झोप

माणसं चार वाजता येणार होती. दोर, जाड चादरी आणि चाकांची फळी घेऊन, पियानो उचलायला. मोठ्या काकांनी ही बातमी जेवण उरकल्यावर हात पुसता पुसता दिली आणि मग सगळ्यांकडे असं बघितलं, की आता कुणीतरी 'वा!' म्हणेल.

कुणी म्हणालं नाही. मुंगीच्या बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यातच त्यांचा जन्म चालला होता; त्यामुळे अडचणीच्या वेळी ते स्वतःचीच काच घासायला घेत आणि मग त्यांना समोरचं काही दिसत नसे. सोयीचं होतं.

"आज?" मुंगीच्या आईनं विचारलं.

"आजच. रविवार आहे, सगळे घरात आहेत. आणि कशाला लांबवायचं? ताईची झोप होत नाही. रात्रभर हॉस्पिटलात उभं राहायचं आणि दुपारी जरा डोळा लागला, की पलीकडे हे टिंगटिंग सुरू. किती दिवस ती बिचारी भिंत ठोकत राहणार?"

ताई म्हणजे त्यांची बहीण, मुंगीची आत्या. मोठ्या काकांचा स्वभावच तसा. घरात कुणाला काही हवंय असं वाटलं, की त्या माणसाला विचारण्यात ते वेळ घालवत नसत. परस्पर करून मोकळे होत. म्हाताऱ्या वडिलांना, अण्णांना, ऐकू येईनासं झालं तेव्हा त्यांनी असंच एक दिवस कानातलं यंत्र आणून त्यांच्या हातावर ठेवलं होतं. अण्णांनी ते महिनाभर घड्याळाच्या डबीत ठेवलं. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला एवढंसं यंत्र कानात घालण्यापेक्षा उघडून बघावंसं जास्त वाटत होतं.

"पियानो आमच्याकडे राहील," काका पुढे म्हणाले. "मुंगीनं शनिवार-रविवार यावं, हवा तेवढा वाजवावा. हो की नाही गं?"

हा प्रश्न काकूला होता. काकू म्हणाली, "हो तर. जागा आहे की." ज्या सुरात तिनं हे म्हटलं, तो सूर दिवाणखान्यातला सोफा कुठे हलवायचा या काळजीनं भरलेला होता.

मुंगी ताटाकडे बघत बसली होती. बाराव्या वर्षीही ती इतकी लहानखुरी आणि इतकी गप्प होती, की तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. पुढच्या महिन्यात तिची संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. वर्षाला मोजकी मुलं घेत. तिथे गेली, तर वाजवणं हेच तिचं आयुष्य होणार होतं. नाही गेली, तर पाहुण्यांसमोर वाजवून दाखवण्यापुरतं उरणार होतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिला नेमकं माहीत होतं. शनिवार-रविवारच्या सरावावर ती परीक्षा निघणार नाही, हेही.

पण तिला खरं टोचत होतं ते वेगळंच. पियानो गेला तर भिंत इथेच राहणार होती.

*

त्या भिंतीबद्दल आईला विचारा. लाकडी फळ्यांची, आवाज आरपार जाईल इतकी पातळ भिंत. अलीकडे पियानो, पलीकडे आत्याचा पलंग. भिंतीत एक दार होतं, पण आत्याच्या बाजूनं त्याला कपड्यांचं मोठं कपाट लावलेलं. आई लग्न होऊन आली त्याच्याही आधीपासून ते तिथेच होतं. दार कशानं बंद झालं हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

मुंगी सहा वर्षांची असताना पियानोवर बसायला लागली. एका शिक्षकांकडे आठवड्यातून एकदा शिकवणी आणि रोज शाळेतून आल्यावर सराव. आणि नेमकी तीच आत्याच्या झोपेची वेळ. आईनं पहिल्या दिवसापासून पियानोचं मधलं पेडल दाबून अडकवून टाकलं. ते दाबलं, की तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये लोकरीची पट्टी उतरते आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा होतो. वर पाठीमागे एक जुनी रजई कोंबली. तरीही भिंतीवर टकटक व्हायचीच. टक् झालं, की आई स्वयंपाकघरातून धावत यायची आणि ओठांवर बोट ठेवायची. मुंगी मान डोलवायची आणि आणखी हळू वाजवायची.

या झोपेपायी आईनं काय काय केलं होतं! दुपारी घरात चप्पल घातली नाही. कप बशीवर ठेवताना श्वास रोखला. शिंक आली तर उशीत तोंड खुपसलं. नणंदेचा तिला धाक नव्हता, दया होती. बाईमाणूस एकटी, रात्ररात्र दुसऱ्यांची दुखणी काढते, तिला निदान झोप तरी मिळावी. म्हणून आज मोठ्या दिरांनी बातमी दिली तेव्हा तिला मुंगीसाठी वाईट वाटलंच, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही झालं. आता आपल्याच घरात आपण पाय आपटून चालू, असा एक विचार येऊन गेला आणि तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात आत्याच्या खोलीचं दार उघडलं.

केस विस्कटलेले, डोळे लाल. आत्या पाणी प्यायला आली होती. तिनं आधी चेहरे बघितले. रोग्यांच्या खोलीत शिरल्यावर ती असंच आधी चेहरे बघत असावी.

"काय झालंय?"

"चांगलंच झालंय," काका म्हणाले. "तुझी सुटका. पियानो नेतोय मी."

आत्याचा पेला ओठांपर्यंत जाऊन थांबला. "मला कुणी विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? सगळं तुझ्यासाठीच चाललंय."

"मला त्याचा त्रास होत नाही."

"ताई, उगाच मोठेपणा नको," मुंगीचे बाबा काच घासत म्हणाले. "आम्हाला कळतं गं."

"होत नाही म्हणतेय ना त्रास!"

"मग भिंत कशाला ठोकतेस?" काकांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. मुंगीनं पहिल्यांदाच ताटावरून मान वर केली. तिची आणि आत्याची नजरानजर झाली आणि दोघींनीही ती ताबडतोब काढून घेतली, चोरी करताना सापडल्यासारखी.

"सवय," आत्या म्हणाली.

"बघा! त्रासाचीसुद्धा सवय झाली तिला," काका म्हणाले आणि काकू चुकचुकली.

*

अण्णा आरामखुर्चीत होते. आज त्यांनी कानातलं यंत्र लावलं होतं, कारण रविवारी थोरला येतो आणि लावलं नाही तर विचारतो. त्या यंत्रानं त्यांना नको ते फार ऐकू येत होतं. सुनेच्या बांगड्या, नळाचं ठिबकणं, धाकट्याची काच. आणि लेकीचा 'सवय' हा शब्दही त्यांना ऐकू आला. तो त्यांना खटकला. अण्णांचा कान आवाज ऐकण्यात कमी पडला असेल, पण एखादं घड्याळ खोटं चालतंय हे त्यांना अजून समजायचं.

ही लेक याच पियानोवर वाढली होती. एकोणीस वर्षांची असताना ती मोठ्या स्पर्धेत गेली आणि हात हलवत परत आली. रडली नाही. सरळ पियानोवर बसली आणि तीच रचना वाजवत राहिली, जेवायच्या वेळेपर्यंत, जेवणानंतर, पुन्हा पुन्हा, जणू परीक्षक अजून समोर बसलेत. अण्णा दिवसभर दुकानात भिंग डोळ्याला लावून थकले होते. त्यांनी दारात उभं राहून एवढंच म्हटलं, "पुरे झालं. आता घरातल्यांना झोपू दे."

तेवढंच. ओरडले नाहीत, झाकण आपटलं नाही. ते तिनं मिटलं, हळूच. दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाला सांगून कपाट दारासमोर ओढून घेतलं. मग नर्सिंगला गेली आणि रात्रपाळी मागून घेतली. घरातले झोपले की ही घराबाहेर. इतक्या वर्षांत तिनं पियानोला बोट लावलं नव्हतं. अण्णांनाही त्या वाक्याचा उल्लेख करायला कधी धीर झाला नव्हता. बोलायला गेलं की ती म्हणायची, अण्णा, औषध घेतलंत का?

"माणसं यायला अवकाश आहे," अण्णा म्हणाले. "पोरीला एकदा वाजवू दे. ते पेडल-बिडल सोडून. मला ऐकायचंय."

"अण्णा, ताईला झोपायचं असेल," आई म्हणाली.

"आज काय ते होऊ दे," काकाही म्हणाले. उदार व्हायला त्यांना नेहमीच आवडायचं. "शेवटचं. मोकळ्या आवाजात."

आत्या पेला ठेवून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"चिडली," काकू कुजबुजली.

*

मुंगीनं रजई ओढून काढली. मधलं पेडल खाचेतून सोडवलं तेव्हा ते खटकन वर आलं. मग पहिला स्वर वाजला आणि ती स्वतःच दचकली. एवढा मोठा! आपण रोज ज्याच्याशी बोलतो त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच कानी पडावा, तसं झालं तिला.

भिंतीचं गुपित तिला सात वर्षांची असताना कळलं होतं. तोवर तीही समजत होती, की आत्या रागावते. टक् आलं, की ती हळू वाजवायची. पण हळू वाजवलं तरी पुन्हा टक् यायचं, आणि तेही नेमकं त्याच जागी. तिसऱ्यांदा तिनं त्या जागी नीट बघितलं. पांढऱ्याऐवजी काळी पट्टी हवी होती. काळी वाजवली. भिंत गप्प.

मग हळूहळू भाषा बसली. एक टक् म्हणजे चूक, बघ. दोन म्हणजे घाई करतेस. लागोपाठ ठोके म्हणजे ताल धर, मी मोजतेय. कौतुकाचा ठोका नव्हता. मात्र एखादी रचना अगदी मनासारखी झाली, की पलीकडे पलंग करकरायचा. आत्या कुशीवर वळायची आणि झोपायची. त्या करकरीसाठी मुंगीनं काय काय रचना घोटल्या होत्या! मुलगी इतकी पुढे कशी जाते म्हणून शिकवणीचे सर चकित व्हायचे. "घरी कोण बघतं हिचं?" त्यांनी आईला विचारलं होतं. "कुणी नाही हो," आई म्हणाली होती, "उलट आम्ही तिला गप्पच करतो."

या विषयावर आत्या आणि मुंगी एकमेकींशी कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. समोरासमोर आल्या, की आत्या विचारायची, दूध प्यायलीस का, आणि मुंगी म्हणायची, हो.

ती परीक्षेची रचना वाजवू लागली. काकूच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. बाबांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. मग ती अवघड जागा आली, जिथे डावा हात उजव्यावरून उडी मारून वर जातो आणि मुंगीचं बोट रोज शेजारच्या पट्टीवर पडतं. आजही पडलं.

ती थांबली. भिंतीकडून काही आलं नाही.

*

पलीकडे आत्या पलंगावर बसून होती. तिचा हात भिंतीला लागलेला होता, बोटं वाकवलेली. पण ती ठोकणार नव्हती. ठोकलं, तर दादा म्हणणार, बघा, होतोय ना त्रास. ठोकलं, तर पियानो जाणार. आज गप्प बसणं एवढंच तिला पोरीसाठी करता येत होतं. की मग बाहेर जाऊन सांगायचं? काय सांगायचं? इतकी वर्षं मी झोपले नाही, ऐकत होते? अण्णांसमोर? ज्या पियानोवर थुंकल्यासारखं करून उठले, त्याच्याच भिंतीला कान लावून बसत होते म्हणून? नर्सचा गणवेश घातला की ती कुणाला घाबरत नसे. आता मात्र तिला पलंगावरून उठवत नव्हतं.

मुंगीनं ती जागा पुन्हा वाजवली. पुन्हा तीच चूक.

आत्यानं डोळे मिटून घेतले.

तिसऱ्यांदा. आता तर कार्टीनं चुकीची पट्टी चांगली जोर देऊन वाजवली आणि बोट तसंच दाबून ठेवलं. तो बेसूर खोलीभर पसरला. मुद्दाम, आत्याला कळलं. मुद्दाम करतेय. मला बोलावतेय.

रोग्याचा तोल जाताना दिसला, की विचार करायच्या आत त्याला धरायचं असतं. आत्यानं भिंत ठोकली.

"ऐकलंत?" दिवाणखान्यात काका उठून उभे राहिले. "सवय म्हणे! पाच मिनिटं सहन होत नाही तिला."

आई ओठांवर बोट ठेवत पियानोकडे निघाली. पण मुंगीनं तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं तीच जागा वाजवली, डावा हात उंच उडाला आणि बरोबर पट्टीवर उतरला. भिंत गप्प.

"थांब," अण्णा सुनेला म्हणाले. ते खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांनी एक हात यंत्राच्या कानावर धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत भराभरा नाचवून नातीला खूण केली. घाईत वाजव.

मुंगीला समजलं. ती सुसाट सुटली.

टक् टक्. जरा चिडूनच.

अण्णांनी तळहात खाली केला. सावकाश. मुंगी तालात आली. भिंत गप्प. पुन्हा बोटं नाचवली. टक् टक्!

काकूनं तोंडावर हात ठेवला. काका उभे होते ते तसेच उभे राहिले, अर्धवट उघड्या तोंडानं. घरातल्या प्रत्येक गोष्टीची व्यवस्था लावणाऱ्या माणसाला ही व्यवस्था त्याच्या पाठीमागे कधी लागली, ते उमगेना.

दार उघडून आत्या बाहेर आली. "काय खेळ लावलाय गं? घाई का करतेस सारखी?" ती मुंगीवर डाफरली आणि मग तिला दिसलं, की सगळे आपल्याचकडे बघताहेत.

सगळ्यात आधी आई बोलली. तिचा आवाज चिरकला. "ताई, तुम्ही जाग्या होता?"

आत्यानं भिंतीकडे बघितलं.

"मी इतकी वर्षं या घरात मांजरासारखी चालले. माझ्या पोरीला प्रत्येक टक्टकीला दटावलं मी. तुम्ही शिकवत होता आणि मी तिला ओरडत होते! एकदा, एकदा तरी सांगायचंत!"

"कसं सांगणार होते?" आत्या म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही मला पियानोवर बसवलं असतं. मला बसायचं नाही. मला फक्त... ती चुकली की मला राहवायचं नाही." तिनं बाहीनं डोळे पुसले. या घरातल्या कुणीही तिला असं बघितलं नव्हतं. "मी तुझे हाल केले गं. माफ कर."

आईनं फक्त खुर्ची पुढे सरकवली. सरकवताना ती फरशीवर कर्कश वाजली, आणि ती मुद्दामच वाजू दिलेली होती.

अण्णा उठले. "त्या रात्री मी दारात उभं राहून—"

"अण्णा, औषध घेतलंत का?"

"घेतलं," अण्णा म्हणाले. "आणि यंत्रही लावलंय. आज मला सगळं ऐकू येतं. मी त्या रात्री जे बोललो ते चुकीचं होतं. तू वाजवत होतीस ते चुकीचं नव्हतं. इतकंच. आता तू काही बोलली नाहीस तरी चालेल."

आत्यानं मान दुसरीकडे वळवली. पण तिचा हात पुढे आला आणि अण्णांच्या कानातलं यंत्र नीट बसलंय ना, ते बोटानं चाचपून बघितलं. मग तो हात तिथेच, त्यांच्या खांद्यावर राहिला.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

माणसं आली होती. दोर, चादरी, चाकांची फळी. त्यांच्यातला पुढचा म्हणाला, "काय उचलायचंय?"

काकांनी पियानोकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं. हा माणूस चुकायचा, पण अडून बसायचा नाही. तेवढं त्याला द्यायला हवं.

"कपाट," ते म्हणाले. "त्या खोलीतलं. मीच लावलं होतं, मीच काढतो."

"माझे कपडे?" आत्या म्हणाली.

"पलंगावर ठेव सध्या."

"आणि कपाट न्यायचं कुठे?" आईनं विचारलं.

"आमच्याकडे!" काकू इतक्या चटकन म्हणाली, की सगळ्यांना हसू आलं. "नाही, म्हणजे, कपाट मला हवंच होतं."

कपाट हललं तेव्हा मागची धूळ खोलीभर उडाली. दाराची कडी गंजली होती. अण्णांनी आपल्या हत्यारांच्या पेटीतून तेल आणलं आणि थोरल्याला बाजूला सारून स्वतः ती सोडवली. दार उघडलं. पलीकडे मुंगी पियानोवर बसलेली दिसत होती, एकदम जवळ. मधे फक्त उंबरा होता.

"मी हात लावणार नाही," आत्यानं सगळ्यांना बजावलं. "इथूनच ऐकेन."

"बरं," अण्णा म्हणाले.

मुंगीनं रचना पहिल्यापासून वाजवली. पेडल मोकळं, रजई नाही. डावा हात उडाला आणि बरोबर उतरला. आत्या उंबऱ्यात भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा रात्रपाळीवरून आल्यासारखा थकलेला होता. शेवटचा स्वर विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आता ती काहीतरी बोलेल.

आत्या वळली, आत गेली, गणवेशांचा ढीग बाजूला सारला आणि आडवी झाली. पलंग करकरला.

"आवडलं नाही वाटतं तिला," काका हळूच म्हणाले.

मुंगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचा चेहरा इतका फुलला होता, की आईला आधी काही समजेचना. मग समजलं. आईनं जाऊन दार लावायला हात पुढे केला, सवयीनं, झोपलेल्या माणसासाठी. आणि तो तसाच मागे घेतला.